कच्च्या तेलाची धार

आमच्या असोद्याच्या घरात शेंगदाणा कुणी कधी हात राखून वापरला नाही. चहा उतरवला की माय लगेच लोखंडी तव्यावर दोन ओंजळी दाणे टाकायची. ते तडतडू लागले की त्या वासानं मला जाग यायची. मग सुपात घोळून फोलपटं उडवणं, मग खलबत्ता. वांग्याच्या भाजीत कूट, गवारीत कूट, शेवभाजीच्या रश्श्यात कूट, एकादशीच्या साबुदाण्यात कूट. भाजी नसेल त्या दिवशी कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी नि उडीद एकत्र दळून केलेली, तिच्यावर मिरचीचा ठेचा, वरून कच्च्या तेलाची धार आणि शेजारी मूठभर भाजके दाणे. पाहुणा आला तर पाण्याच्या तांब्यासोबत दाणे आणि गूळ. शेंगदाणा हा एक पदार्थ आहे असं मला तोवर वाटलंच नव्हतं. घरात मीठ असतं, पाणी असतं, तसा तो असायचा.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मायला सही येत नव्हती, नाना सातवीपर्यंत शिकलेले, आणि दादानं दहावीनंतर केळीच्या बागेत जाणं पसंत केलं. मी रोज सकाळच्या बसनं जळगावला जायची. वर्गात इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या मुली पुढच्या बाकांवर असायच्या. मी खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसून बाईंचा शब्द न् शब्द लिहून घ्यायची, समजला नाही तरी. अन्नविज्ञानाच्या बाई पाकिटं घेऊन वर्गात यायच्या. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायला लावायच्या. कोणता आकडा म्हणजे कोणता रंग, कोणता आकडा म्हणजे टिकवायचं औषध. मी थक्क व्हायची. आपण तोंडात घालतो त्या गोष्टीला नाव असतं, आकडा असतो, आणि ते कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, याचंच मला नवल वाटायचं. भेसळीचा धडा झाला त्या आठवड्यात तर मला रात्रंदिवस भेसळच दिसत होती.

आता सांगायला लाज वाटते, पण त्या वर्षी मी घराला फार छळलं. जिलबीचा पिवळा रंग बंद. चायनीजच्या गाडीवरची लाल चटणी बंद. दादा एकदा पार्सल घेऊन आला तर मी ते उघडून, नाकाशी धरून त्याला अजिनोमोटोवर भाषण दिलं. तो म्हणाला, "ज्योते, तू शिकाले जातं का आमची उपासमार कराले?" नाना मात्र ऐकून घेत. एकदा मी जेवताना वहीतून वाचत होते, केळी पावडर घालून पिकवतात त्याबद्दल, आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की आपण केळीवाले आहोत. मी थांबले. नाना भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "वाच ना. घड गाडीत चढला का पुढं त्याचं काय होतं, ते आपुन कोठी पाहतो?" त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी विहिरीजवळचा अर्धा एकर केळीतून मोकळा केला आणि म्हणाले, इथं तू सांगशील तसं करू. मी सांगितलं, शेंगा लावू. खत शेणाचं, फवारणी निंबोळीची, आणि शेंगा निघाल्या की पाकिटाचं तेल बंद करून लाकडी घाण्यावर आपलं तेल काढू. माझ्या शब्दावर नानांनी अर्धा एकर दिला, याचं मला इतकं अप्रूप वाटलं की मी बसमध्ये उभ्यानं रडले होते.

त्याच वैशाखात दादाचं लग्न झालं. दीपाली वहिनी सोनगीरची, धुळ्याकडची. ती अहिराणी बोलायची आणि आमची बोली तिला वेगळी वाटायची. पहिल्या आठवड्यात ती सगळ्याला "बठ्ठं" म्हणाली की आम्ही हसायचो, आणि आम्ही केळ्याला "केयं" म्हटलं की ती तोंडाला पदर लावायची. तिचा आवाज हळू होता, हात मात्र विलक्षण चपळ. लग्नानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी माय तिला वांग्याची भाजी वाढू लागली तेव्हा तिनं ताटावर आडवा हात धरला.

"बाई, दाणे आहेत का त्यात?"

"मंग? दान्याबिगर काय भाजी असते?"

"मी सोडले आहेत. देवीचा नवस आहे."

मायनं पळी तिथंच थांबवली. आमच्याकडे माणूस काशीला जातो आणि आवडती वस्तू सोडून येतो. कुणी वांगं सोडतं, कुणी सीताफळ. देवाला सोडलेली वस्तू त्या माणसाच्या ताटात पुन्हा कुणी वाढत नाही, चुकूनही नाही. मायनं दुसऱ्या दिवसापासून वहिनीची भाजी आधी वेगळ्या पातेल्यात काढायला सुरुवात केली. कुटाची पळी त्या पातेल्याला लागू द्यायची नाही. शेजारच्या सुमनकाकू एकदा म्हणाल्या, "एवढी तरनी पोरगी, अन् आताच नवस? कायचा व नवस?" त्यावर माय म्हणाली, "इचारू नये. सांगितल्यानं जातो." मला कॉलेजची हवा लागलेली, मला वाटायचं, कसली ही अंधश्रद्धा. पण वहिनी इतकी ठामपणे ते पाळायची की मनात थोडा आदरही होता. एकदा माझ्या हाताला कुटाचं पीठ होतं आणि मी तिची वेणी घालायला गेले, तर ती म्हणाली, "ताई, आधी हात धुता का?" मी हसले. म्हटलं, "केसांचाही नवस आहे का?" तीही हसली. ती हसत होती खरी, पण तिची नजर माझ्या हातांवर होती.

दसऱ्यानंतर शेंगा निघाल्या. दाणा लहानच होता, पण नाना तो तळहातावर घेऊन लोकांना दाखवत हिंडत होते. दोन पोती दाणे घेऊन दादा आणि मी जळगावच्या वाटेवरच्या लाकडी घाण्यावर गेलो. लाकडाचा दांडा संथ फिरत होता, खालून पेंडीचा कोमट वास येत होता, आणि तोटीतून पहिलं तेल आलं ते गढूळ, पिवळं, जाड. घाण्यावरचा माणूस म्हणाला, दोन दिवस स्थिर होऊ द्या, गाळ खाली बसेल. मी बोट लावून चाखलं. खरं सांगते, मी पुन्हा बोट लावलं. पाकिटाच्या तेलाला चवच नसते हे मला त्या क्षणी कळलं. यात अख्खा दाणा होता, त्याची माती होती, आम्ही शिंपडलेल्या निंबोळीच्या पाण्याचे दिवस होते. नानांनी ठरवलं, हा तेलाचा डबा घरी फोडायचा नाही. भरीत पार्टीला फोडायचा.

हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सुनेच्या माहेरच्यांना त्यासाठी बोलावतात. वहिनीचे वडील, तिची आई आणि धाकटी बहीण सोनगीरहून सकाळीच आले. विहिरीजवळ कपाशीच्या काड्यांचा जाळ केला. भरताची हिरवी, हातभर लांब वांगी त्यावर काळी होईस्तोवर भाजली. साली काढून दादा आणि त्याचे मित्र होडीच्या आकाराच्या लाकडी बडगीत ती ठेचत होते. धुरानं सगळ्यांचे डोळे लाल झाले होते. एकीकडे मायनं फोडणी केली, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, आणि भरपूर दाणे. त्याआधी तिनं वहिनीचं भरीत वेगळ्या पातेलीत काढलं होतं. दाण्याचा कण नाही. पळी वेगळी, ताट वेगळं. त्या दिवशीची फोडणी घरून आणलेल्या पाकिटातल्या तेलाचीच होती, कारण नव्या तेलाचा मान निराळा. ते कच्चंच वरून घ्यायचं होतं.

डबा मी फोडला. नाना म्हणाले, "ज्योतीच्या हातानं." सगळ्यांच्या ताटात मी धार धरत गेले. व्याह्यांना, विहीणबाईंना, मित्रांना. वहिनीची बहीण वाढत होती, वहिनी आमच्याकडे पाठ करून चुलीशी पुऱ्या तळत होती. मी तिच्या वेगळ्या काढलेल्या भरितावर सगळ्यात मोठी धार धरली. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. मायच्याही नाही. नवस दाण्याचा होता. तेल म्हणजे काही दाणा नव्हे. काशीला वांगं सोडणारा माणूस वांग्याच्या शेताला पाणी भरतोच की. धूर, मिरची, लसूण, यांच्या वासात तेलाचा वास वहिनीलाही वेगळा आला नसावा. तिनं ताट घेतलं, दोन-तीन घास खाल्ले, आणि मान वर केली.

"ताई, तेल कशाचं आहे?"

"आपलंच," मी म्हणाले. मला अजून माझा तो आवाज ऐकू येतो, किती आनंदी होता. "आपल्या शेंगांचं. शंभर टक्के शुद्ध. घाण्याचं."

तिनं ताट खाली ठेवलं. उठली, बांधाकडे गेली आणि बोटं घालून ओकायचा प्रयत्न करू लागली. मी मागे गेले. तिच्या ओठांना सूज येत होती, मानेवर लाल गांधी उठत होत्या. माझं मनगट पकडून ती म्हणाली, "नवस नही व्हता, ताई. दाना मले खपत नही. धाकली व्हतू तव्हय मरता मरता वाचनू." तिचा आवाज घोगरा झाला होता, जणू दुसऱ्याच कुणाचा. तिचे वडील धावत आले, आणि तिच्याकडे नाही, माझ्या हातातल्या डब्याकडे बघत खाली बसले. त्यांना कळलं होतं. आमच्यापैकी बाकी कुणालाच कळलं नव्हतं. कुणी म्हणालं, उन्हानं. कुणी म्हणालं, वांगं बाधलं. एक बाई म्हणाली, नवस मोडला असेल, अंगारा लावा.

दादानं मोटारसायकल काढली. वहिनी मध्ये, मी मागे. तिची पाठ माझ्या छातीला टेकलेली होती आणि तिचा श्वास मला शिट्टीसारखा ऐकू येत होता. असोद्याहून जळगाव जवळ आहे, रोज बसनं मी एक धडा वाचेपर्यंत पोचायची. त्या दिवशी ती वाट संपेना. दवाखान्यात डॉक्टरांनी एकच विचारलं, "काय खाल्लं?" दादा म्हणाला, "भरीत." मी म्हणाले, "शेंगदाण्याचं तेल. कच्चं, घाण्याचं. तिला दाणा चालत नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे एक क्षण पाहिलं आणि पुढचं काहीही न विचारता तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत तिचा श्वास मोकळा होत गेला. मी तिच्या गळ्याच्या खळगीकडे बघत होते. ती आत ओढली जात होती, मग कमी ओढली जाऊ लागली, मग नुसती हलू लागली. त्यानंतर मी कितीतरी प्रयोगशाळा पाहिल्या, पण तेवढं डोळे फाडून मी काहीच पाहिलेलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला समजावलं. मी विचारलं होतं, कारण आमच्या घरी लग्नापासून पाकिटातलं तेल होतं, तेही शेंगदाण्याचंच, रिफाइंड. आणि त्यानं वहिनीला कधी काही झालं नव्हतं. ते म्हणाले, कारखान्यात तेल इतकं शुद्ध करतात की दाण्यातला जो भाग तिला बाधतो तो जवळजवळ निघून जातो. घाण्याच्या तेलात तो राहतो. तरी रिफाइंडच्या भरवशावरही राहू नका, घरात दुसरंच तेल आणा. मी मान हलवली. म्हणजे ज्याला मी मेलेलं तेल म्हणत होते ते तिला इतके महिने झेपलं, आणि ज्यात अख्खा दाणा आहे म्हणून मी डोलले होते त्यात खरोखरच अख्खा दाणा होता. गाळ बसलेलं, नितळ दिसणारं तेल. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, आणि माणसाचा गळा बंद करतं. मी कुणावर रागवावं हेच मला कळेना. आज धुळ्यात मी मुलांना हाच विषय शिकवते आणि सेंद्रिय शेतीबद्दल अजूनही मनापासून बोलते. पण "शुद्ध म्हणजे सगळ्यांना चांगलं" हे वाक्य मात्र त्या संध्याकाळनंतर माझ्या तोंडून पुन्हा निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी घरी आली. तिचे वडील रात्रभर आमच्या ओट्यावर बसून होते. नानांसमोर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "बठ्ठी चूक मनी शे," ते म्हणाले. "दोन सोयरिका मोडन्यात यामुळे. तिसऱ्या खेपले आम्हीनच तिले सांगं, नवस सांग. तुम्ही म्हनशात तर मी तिले लई जास." बाजूला त्यांची पिशवी भरलेली होती, वहिनीची दोन लुगडीही त्यात घातलेली मला दिसली. नानांनी मायकडे पाहिलं. घरात कोण राहणार, कोण जाणार, हे आमच्याकडे शेवटी मायच्या तोंडून ठरायचं.

माय उंबऱ्यात उभी होती. ती व्याह्यांशी बोललीच नाही, आत वळून वहिनीशी बोलली.

"देवीच्या नावानं खोटं बोलली, ते देवी पाहून घेईन. माह्याजवय कायले खोटं बोलली?"

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. चेहऱ्यावरची सूज अजून पुरती उतरली नव्हती. ती म्हणाली, "बाई, खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला सून केलं असतं?"

मला वाटलं, माय आता म्हणेल, केलं असतं ना, वेडे. कुणीही तसंच म्हणालं असतं. माय तिच्याकडे बघत म्हणाली, "नसती केली."

मग तिनं पदर खोचला आणि बाहेर पडली. व्याही उभेच राहिले, टोपी हातात. मला वाटलं ती रागानं शेताकडे चालली. मी मागोमाग गेले. ती शेजारी सुमनकाकूंच्या दारात थांबली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुमन, आमच्या दीपालीले शेंगदाना चालत नही. इखासारखा आहे तिले. दाने खाऊन आलीस तं हात धुऊन मंगच आमच्या घरात पाय ठेवजो. वान, परसाद, काहीबी दिलं तं आधी मले इचारजो."

सुमनकाकू हसल्या. "असं कोठी असते का व? दान्यानं कोनी मरते का?"

"असते. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

मग पुढचं दार. मग समोरचं. पिठाच्या गिरणीवर. किराणा दुकानात. त्या माणसानं तर विचारलं, "मावशी, पुऱ्या गावाले सांगनार का?" आणि माय म्हणाली, "हो. पुऱ्या गावाले." सोनगीरच्या एका घरानं वीस-बावीस वर्षं दाराआड लपवलेली गोष्ट माझी निरक्षर माय पेढे वाटावेत तशी दारोदार वाटत चालली होती. मी वही-पेन घेऊन शिकलेली मुलगी तिच्यामागून नुसती चालत होते.

परत आलो तेव्हा वहिनीचे वडील पिशवीतून लुगडी काढून खाटेवर ठेवत होते, एकेक घडी नीट करत. वहिनी स्वयंपाकघरात होती. मायचा आवाज तिला सगळा ऐकू गेला असणार, आमची गल्ली काही मोठी नाही. तिनं परातीत पीठ घेतलं होतं. माय आत आली, फळीवरून कुटाचा डबा, दाण्यांची बरणी, तेलाचा कालचा डबा, सगळं एकेक खाली काढून तिच्यापुढे ठेवत गेली आणि म्हणाली, "आता सांग, यातलं काय काय घराबाहीर काढू?"

वहिनीनं पिठाचा हात वर केला आणि एकेका डब्याकडे बोट दाखवू लागली.